गोठ्यातला दिवा, उशाशी बटण

वाचकहो, पावसाळ्यातली एखादी रात्र आठवा. आषाढाचा पाऊस कौलांवर कोसळतो आहे. गोठ्यात गाभण म्हैस अस्वस्थ होऊन दावे ओढते आहे. घरातली बाई उठते, डोक्यावर इरले नाही तर गोणपाटाची खोळ घेते, चिखलातून अंगण ओलांडते आणि गोठ्याच्या आतल्या खांबावरचे बटण अंधारात चाचपडते. दिवा लागेपर्यंतची दहा पावले अंधारातच पडतात. त्या दहा पावलांत काय काय असू शकते, ते शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. मण्यार रात्रीच बाहेर पडते. घोणस पेंढ्याच्या कडेला वेटोळे करून पडलेली असते. फुरसे तर एवढेसे, की उजेडातही चटकन दिसत नाही.

आमच्या घरी गोठ्याचे बटण कितीतरी वर्षे गोठ्याच्या आतच होते. कारण काय, तर तिथे बसवले म्हणजे वायर कमी लागते. वायरमनने बसवले, आम्ही ठेवले. एके रात्री आईच्या पायाजवळून काहीतरी सळसळत गेले. चावले नाही, एवढेच नशीब. त्या रात्रीनंतर मी ठरवले, की गोठ्याचा दिवा घरातून लागलाच पाहिजे, आणि तोही आपल्या खिशाला परवडेल अशा रीतीने. त्यासाठी बाजार पालथा घातला, थोडा फसलो, थोडा शिकलो. ते शिकलेले आज तुमच्यापुढे ठेवतो.

दिव्याखाली अंधार

आपल्या शहापूर तालुक्याची गंमत पहा. तानसा आणि भातसा या धरणांचे पाणी मुंबई पिते. तालुक्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी चोंढे येथे घाटघर उदंचन प्रकल्पाचे वीजघर आहे. १२५ मेगावॅटची दोन यंत्रे, म्हणजे एकूण २५० मेगावॅट. मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, असा तो कारभार. २००८ मध्ये तो सुरू झाला. एवढी वीज आपल्या उंबऱ्याशी तयार होते. पण आपल्याच पाड्यावर बाई अंधारात बटण शोधते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! हा अंधार हटवायला धरण बांधावे लागत नाही. थोडी वायर, एक चांगला दिवा आणि थोडा हिशेब एवढे पुरते.

स्वस्ताई कोठून आली?

बाजारात एल.ई.डी. दिव्यांची स्वस्ताई कशी आली, हे आधी समजून घ्या. म्हणजे सवलत कशी मिळते याचे मर्म कळेल. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील ईईएसएल या कंपनीने हे दिवे देशभरासाठी एकगठ्ठा खरेदी करायला सुरुवात केली. २०१४ च्या सुरुवातीला एका दिव्यामागे खरेदीचा भाव ३१० रुपये होता. ५ जानेवारी २०१५ रोजी 'उजाला' योजना सुरू झाली, लाखांनी आणि मग कोटींनी दिवे एकदम घेतले जाऊ लागले आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत तोच भाव ३८ रुपयांपर्यंत उतरला. ग्राहकाला ९ वॅटचा दिवा सत्तर रुपयांच्या घरात मिळू लागला. देशभरात ३६ कोटींहून अधिक दिवे या योजनेतून वाटले गेले.

पुढे मार्च २०२१ मध्ये 'ग्राम उजाला' आली. जुना चालू पिवळा बल्ब द्या आणि १० रुपयांत ७ किंवा १२ वॅटचा एल.ई.डी. दिवा घ्या, तीन वर्षांच्या हमीसह, घरटी पाचपर्यंत, अशी ती योजना होती. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून नागपूरची निवड झाली. आपला ठाणे जिल्हा त्या टप्प्यात नव्हता. म्हणून कोणी दारावर येऊन "सरकारी दहा रुपयांचा दिवा" म्हणून पैसे किंवा आधार क्रमांक मागू लागला, तर आधी ग्रामपंचायतीत आणि महावितरणच्या कार्यालयात चौकशी करा, मगच हात खिशात घाला.

यातून घ्यायचा धडा असा, की दिवा स्वस्त झाला तो कोणाच्या दयेने नव्हे. खरेदी एकत्र झाली म्हणून. सरकारने कोटींनी घेतले, आपण पन्नासांनी घेऊ. गावातल्या बचत गटाच्या दहा बायकांनी मिळून प्रत्येकी पाच दिव्यांची नोंद केली, की पन्नास दिव्यांची मागणी होते. ती घेऊन शहापूरच्या किंवा मुरबाडच्या पेठेत दोन-तीन दुकाने फिरा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : "पेटीचा भाव काय द्याल, आणि हमीचा शिक्का प्रत्येक दिव्यावर माराल का?" एकट्याने पाच रुपयांसाठी घासाघीस करण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

मुंबईच्या फेरीचा हिशेब

"लोहार चाळीत निम्म्या भावात मिळते हो!" असे सांगणारा प्रत्येक गावात एक तरी असतो. तो खोटे बोलत नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ ही विजेच्या सामानाची मोठी घाऊक पेठ आहे आणि लॅमिंग्टन रोड इलेक्ट्रॉनिक सामानासाठी प्रसिद्ध आहे. पण आसनगाव, आटगाव किंवा खर्डीहून लोकल धरून जायचे-यायचे म्हणजे आख्खा दिवस मोडतो. मुरबाडकराला तर आधी एस.टी.ने कल्याण गाठायचे आणि तेथून गाडी पकडायची.

तेव्हा निघण्याआधी कागदावर मांडा : तिकिटाचे पैसे, दुपारचे खाणे आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी. चार दिव्यांसाठी ही फेरी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मात्र घर नवे बांधता आहात, वायरीची बंडले, बटणे, पाइप, पंखे असे सगळेच घ्यायचे आहे, किंवा दहा घरांची यादी हातात आहे, तर फेरी जरूर करा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मुंबईहून आणलेला दिवा बिघडला, तर बदलायला पुन्हा मुंबईच गाठावी लागते. गावच्या बाजारातला दुकानदार दोन रुपये जास्त घेईल, पण उद्या त्याच्याच दारात उभे राहता येते.

भावाची पाहणी करायची वेळही असते. दिवाळीच्या आधी दुकानात माल भरपूर असतो आणि योजनाही असतात; दिवाळीनंतर उरलेल्या माळा आणि दिवे कमी भावात निघतात. कंपनीने नवा नमुना आणला, की जुना नमुना उतरत्या भावात मिळतो. त्यात दोष नसतो, फक्त डबा जुना असतो. असा माल हमीसह मिळत असेल तर निःशंक घ्या.

मी कसा फसलो

एका बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेच्या पथारीवर "शंभराला चार" अशी हाळी ऐकली आणि चार दिवे घेतले. डब्यावर नाव होते, पण ते कधी ऐकलेले नव्हते. बिल मागितले तर विक्रेता हसला. गणपती येईपर्यंत चारांतले तीन गेले. एक तर धूर सोडून गेला. पुढच्या बाजाराला गेलो तर पथारीवर दुसराच माणूस प्लास्टिकच्या बादल्या विकत होता! भांडायचे कोणाशी?

आता हा हिशेब करा. पंचवीस रुपयांचा दिवा चार महिन्यांत जात असेल, तर दोन वर्षांत सहा दिवे लागतात, म्हणजे दीडशे रुपये झाले. दोन वर्षांच्या हमीचा शंभर रुपयांचा दिवा दोन वर्षे शंभरातच भागवतो, आणि गेला तर बदलून मिळतो. शिवाय धूर सोडणारा दिवा पेंढ्याच्या माळ्याखाली असता तर? त्याची किंमत कोणत्या डब्यावर लिहिलेली नसते.

डबा वाचायला शिका

मुले शाळेत जातात, त्यांना बरोबर न्या आणि दुकानातच डबा वाचून घ्या. पुढच्या गोष्टी पहा.

पहिली, उजेड किती. वॅट म्हणजे वीज किती खाणार ते. उजेड किती देणार ते ल्युमेनमध्ये लिहिलेले असते. ९ वॅटचा चांगला दिवा ८०० ते ९०० ल्युमेन किंवा त्याहून अधिक उजेड देतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० देत असे. एकाच वॅटच्या दोन दिव्यांत ज्याचे ल्युमेन जास्त, तो सरस.

दुसरी, मानक ब्यूरोची खूण. एल.ई.डी. दिव्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण, आय.एस. १६१०२ हा आकडा आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या मोबाईलवरच्या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक घालून कोणत्या कारखान्याचा आहे ते पाहता येते. वायरीवर आय.एस. ६९४ आणि बटणावर आय.एस. ३८५४ अशी आय.एस.आय. खूण पहा.

तिसरी, किंमत. डब्यावरची कमाल किंमत सर्व कर धरूनच छापलेली असते. एल.ई.डी. दिव्यांवरचा जी.एस.टी. १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, हे खरे. पण तो छापील किमतीच्या आतच येतो. "छापील किंमत अधिक जी.एस.टी." असे कोणी म्हणाले, तर सरळ नकार द्या.

चौथी, रंग. पांढरा शुभ्र उजेड अभ्यासाला आणि निवडण-टिपणाला बरा. ओटीवर, गोठ्यात आणि जेवणाच्या जागी पिवळसर उजेडाचा दिवा घ्या. त्यावर पावसाळ्यातले किडे पांढऱ्या दिव्यापेक्षा कमी येतात.

पाचवी, जागा. उघड्यावर लावायचा दिवा आय.पी. ६५ असे लिहिलेला घ्या. त्यात धूळ शिरत नाही आणि पावसाच्या माऱ्याने पाणी जात नाही. साधा दिवा पत्र्याच्या बंद डब्यात कोंडू नका. एल.ई.डी. दिवा उष्णतेने मरतो. डब्यावर २५,००० तास आयुष्य लिहिलेले असते. रोज पाच तास धरले तर ती तेरा वर्षांहून जास्त होतात. पण आतला विजेचा छोटा भाग गरम झाला की आधी तोच जातो, आणि दिवा गेला असे आपण म्हणतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पक्के बिल. मुरबाड तालुक्यातले धसई गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. आज बहुतेक बाजारांत मोबाईलवरून पैसे देता येतात. पण मोबाईलवर पैसे गेल्याची नोंद म्हणजे बिल नव्हे. पैसे गेले एवढेच त्यावरून कळते. काय घेतले ते कळत नाही. बिलावर मालाचे नाव, तारीख आणि हमीची मुदत लिहून घ्या आणि ते कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. दुकानदाराने हमी नाकारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही.

दिव्याचे पैसे किती दिवसांत फिटतात?

१,००० वॅट एक तास चालले की एक युनिट होते. ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लागला, तर महिन्याला ९ युनिटे. त्याच जागी ९ वॅटचा एल.ई.डी. लावला तर १.३५ युनिट. वाचली ७.६५ युनिटे. तुमच्या बिलावर पडणारा दर घालून गुणाकार करा. सोयीसाठी ८ रुपये धरले तर महिन्याला ६१ रुपये होतात. शंभराचा दिवा दोन महिन्यांत फिटला! म्हणून घरात अजून पिवळा बल्ब असेल तर आधी तो बदला. रिमोटचा विचार त्यानंतर.

दूरच्या बटणाचे प्रकार

आता मुख्य विषय. दिवा एका जागी आणि बटण दुसरीकडे, हे साधायचे चार मार्ग आहेत. स्वस्तापासून सुरुवात करू.

पहिला मार्ग म्हणजे बटणच हलवा. गोठ्याच्या आतले बटण ओटीवर आणा. खर्च जास्तीच्या वायरीचा आणि पाइपाचा. यात बिघडण्यासारखे काहीच नाही.

दुसरा मार्ग जिन्याच्या जोडणीचा. शहरात जिन्याखाली लावलेला दिवा वरून बंद करता येतो, तीच ही जोडणी. टू-वे जातीची दोन बटणे घ्यायची, एक ओटीवर आणि एक गोठ्यात. दोन बटणांमध्ये दोन तारा जास्त जातात. घरातून दिवा लावा, गोठ्यात काम आटोपून तेथून बंद करा, किंवा उलट. ना बॅटरी, ना रिमोट हरवण्याची भीती. माझ्या मते अंगण-गोठ्यासाठी याहून चांगला मार्ग नाही.

तिसरा मार्ग रेडिओ लहरींवर चालणाऱ्या रिमोटचा. हातातल्या रिमोटमध्ये छोटी बॅटरी असते. कळ दाबली की लहर निघते आणि बोर्डात बसवलेला डबा, त्याला रिसीव्हर म्हणतात, ती ओळखून आतला खटका पाडतो. लहर भिंतीतून जाते, म्हणून माजघरातून अंगणातला दिवा लागतो. टी.व्ही.च्या रिमोटसारखा इन्फ्रारेड प्रकारही मिळतो, पण तो समोरासमोरच चालतो. मध्ये भिंत आली की संपले. घेताना दुकानदाराला नेमके विचारा, "भिंतीपलीकडून चालतो का?"

चौथा मार्ग मोबाईल आणि वायफायचा. शहरात तो ठीक आहे. आपल्याकडे वीज गेली की वायफायही जाते आणि पावसात रेंजही. गोठ्याच्या दिव्यासाठी या वाटेला जाऊ नये, हे बरे.

रिमोट घेण्याआधी चार गोष्टी

एक, बोर्ड उघडून पाहिल्याशिवाय रिसीव्हर विकत घेऊ नका. पुष्कळ जुन्या घरांत बटणाच्या बोर्डात फक्त फेजची तार येते. न्यूट्रल परस्पर दिव्याकडे गेलेली असते. बोर्डात बसवायच्या साध्या रिसीव्हरला दोन्ही लागतात. डबा घरी आणला आणि न्यूट्रलच नाही, असे झाले की वायरिंगचा खर्च डब्याच्या दुप्पट होतो. अशा घरांसाठी रिमोटचा होल्डर मिळतो. नेहमीच्या होल्डरात तो बल्बसारखा बसवायचा आणि त्यात दिवा लावायचा. तार उघडावी लागत नाही. मात्र आपला होल्डर दोन खिळ्यांचा आहे की आट्यांचा, ते पाहून तसाच घ्या. भिंतीवरचे बटण मग कायम चालू ठेवावे लागते. आणि हा होल्डर कोरड्या जागेसाठीच आहे, ओलसर गोठ्यासाठी नाही.

दोन, वीज जाऊन आल्यावर काय होते ते दुकानातच पहा. काही रिसीव्हर वीज येताच दिवा आपोआप लावतात, काही बंदच ठेवतात, काही आधीची स्थिती लक्षात ठेवतात. आपल्याकडे वीज रात्रीत चारदा जाते-येते. आपोआप लागणारा असेल तर सगळे घर झोपेत असताना दिवा पहाटेपर्यंत जळत राहील.

तीन, रिसीव्हर रिकामा बसत नाही. रिमोटची हाक कधी येईल याची तो चोवीस तास वाट पाहतो आणि त्यासाठी वीज खातो. १ वॅट धरला तरी महिन्याला ०.७२ युनिट. गोठ्यातला ९ वॅटचा दिवा रोज एकच तास लागत असेल, तर तो महिन्याला खातो ०.२७ युनिट. म्हणजे दिव्यापेक्षा त्याचा राखणदारच जास्त खातो! एका डब्याने काही बिघडत नाही. पण हौसेने घरभर सहा डबे लावलेत, तर पिवळा बल्ब काढून वाचवलेल्यातले निम्म्याहून अधिक तेथे जाईल. रिमोट विजेची बचत करतो, या जाहिरातीवर भुलू नका. त्याचे काम पाय वाचवण्याचे, पैसे वाचवण्याचे नव्हे. म्हणून जेथे पाय खरोखर अडतात, तेथेच तो लावा. अंथरुणावरच्या आजोबांच्या उशाशी, बाळंतिणीच्या खोलीत, रात्री उठावे लागणाऱ्या माणसाजवळ.

चार, डब्यावर १० अँपियर लिहिले आहे म्हणून त्यावर विहिरीचा पंप जोडू नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. दिव्याचा खटका त्या झटक्याने चिकटून बसतो आणि मग मोटर बंदच होत नाही. पंपासाठी वेगळी साधने आहेत आणि त्यांतले एक आपल्या महाराष्ट्रातलेच. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे यंत्र तयार केले. रात्री-अपरात्री पंप सुरू करायला शेतावर जाण्याऐवजी शेतकऱ्याने घरून मोबाईल लावायचा आणि पंप सुरू करायचा, अशी त्याची रचना. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. म्हणजे दूरचे बटण ही श्रीमंतांची चैन नव्हे. अंधारात, काट्याकुट्यांत जाणाऱ्या शेतकऱ्याच्या गरजेतूनही ते जन्मले आहे. मात्र वीज येताच आपोआप मोटर सुरू करणारे ऑटो स्विच लावू नका, असे महावितरण सांगत आले आहे. सगळ्यांच्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या, की रोहित्रावर भार पडून ते जळते आणि सगळ्या शिवाराचे पाणी बंद होते.

स्वतः काय करावे, काय करू नये?

आपल्या हाताने काम करण्याची हौस चांगली. पण वीज शेतातल्या बैलासारखी नाही. ती आधी शिंग दाखवत नाही. कायद्यानेही यात रेषा आखलेली आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ४५ वा नियम सांगत होता, की दिवा, पंखा, फ्यूज, बटण अशा वस्तू जशाच्या तशा बदलण्यास हरकत नाही. पण नवे वायरिंग, वाढ किंवा फेरफार परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावा. २०१० च्या नियमावलीतही हेच तत्त्व राहिले. आपणही हीच रेषा पाळू.

म्हणजे दिवा बदलणे, रिमोटचा होल्डर बसवणे, जुने बटण काढून तसेच नवे लावणे, हे घरच्या जाणत्या माणसाने करावे. ओटीपासून गोठ्यापर्यंत नवी तार ओढणे, जिन्याची जोडणी करणे, बोर्डात रिसीव्हर बसवणे, हे वायरमनचे काम. सामान तुम्ही आणून द्या आणि मजुरी त्याला द्या. बचत सामानात करा, मजुरीत नको.

घरचे काम करतानाही मेन स्विच आधी पाडा. नुसते बटण बंद करून भागत नाही. रिमोटने दिवा विझवला म्हणजे तार मेली, असे तर मुळीच समजू नका. मेन पाडल्यावर टेस्टर लावून खात्री करा. पायात कोरडी चप्पल, हात कोरडे, शिडी लाकडाची, आणि जवळ दुसरे माणूस हवे. पावसात, ओल्या भिंतीला टेकून काम करू नका.

एक खूण सांगून ठेवतो. बटण बंद केल्यावरही एल.ई.डी. दिवा काजव्यासारखा मंद पेटत राहिला, तर ते भूत नव्हे आणि दिव्याचा दोषच असेल असेही नाही. पुष्कळदा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसलेले असते. याचा अर्थ, बटण बंद असतानाही होल्डरात फेज जिवंत आहे. दिवा बदलायला गेलेल्या मुलाला तेथे धक्का बसू शकतो. वायरमनला बोलवा आणि तार फिरवून घ्या. लांब तारांच्या जिन्याच्या जोडणीतही असा मंद उजेड कधी दिसतो. तो धोक्याचा नसला तरी तपासून घेतलेला बरा.

गोठ्याची तर अधिकच काळजी घ्या. गोमूत्राने जमीन सदा ओली असते आणि जनावरांना थोडाही झटका सोसत नाही. तार उघडी न ठेवता पी.व्ही.सी. पाइपातून न्या, म्हणजे उंदीर कुरतडणार नाहीत. होल्डर जनावराच्या शिंगांच्या आणि पेंढ्याच्या आवाक्याबाहेर बसवा. दिव्यासाठी १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. अंतर लांब असेल तर १.५ ची घ्या. घराला नीट अर्थिंग आहे की नाही ते पाहून घ्या आणि जमेल तेव्हा ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्या. गळती होताच तो क्षणात वीज तोडतो. त्यावरची चाचणीची कळ महिन्यातून एकदा दाबून तो पडतो ना, ते पहा. रिमोटपेक्षा याला पैसे जास्त लागतात हे खरे. पण दोहोंतून एकच घेण्याची ऐपत असेल, तर वाचकहो, आधी हाच घ्या.

आमच्या घरी काय केले?

शेवटी आम्ही रिमोटच्या मागे गोठ्यापर्यंत गेलोच नाही. ओटीवर एक आणि गोठ्याच्या दारात एक अशी टू-वे बटणे वायरमनकडून बसवून घेतली. गोठ्यात उंचावर पिवळसर उजेडाचा पावसाळी दिवा लावला. दिवे गावातल्या गटाबरोबर पेटीच्या भावाने घेतले, पक्क्या बिलासह. रिमोटचा होल्डर एकच घेतला, तो आजोबांच्या खोलीत. रिमोट दोरीने त्यांच्या खाटेला बांधला आहे, म्हणजे गोधडीत हरवत नाही. त्याची बॅटरी दिवाळीच्या साफसफाईत बदलायची, असे ठरवून टाकले आहे.

आता रात्री म्हैस हंबरली, की आई ओटीवर उभी राहून बटण दाबते. आधी सगळे अंगण उजळते. ती क्षणभर थांबते, जमीन निरखून पाहते आणि मग पाऊल टाकते. एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप होता.

तुमच्या घरी गोठ्याचे, न्हाणीचे, परसातले बटण कोठे आहे? आज रात्री एकदा उठून पहा. दिवा लागण्याआधी अंधारात किती पावले टाकावी लागतात, ती मोजा. जितकी पावले, तितके काम शिल्लक आहे. पुढच्या बाजाराला जाल तेव्हा यादीत वायरीची लांबी लिहून न्या आणि शेजारणीलाही बरोबर घ्या. दोघींनी मिळून घेतले, तर भावही उतरेल आणि दोन अंगणांत उजेड पडेल.